बिनबुडाची टोपली

मी एक जुनी रिंग आहे, मित्रांनो. बोटात घालायची नव्हे, बास्केटबॉलची. माझ्या गोष्टी बिनबुडाच्या असतात असं लोक म्हणतात. यात माझा काय दोष? ज्या रिंगेला बूडच नाही, तिच्या गोष्टींना ते कुठून येणार? पण थांबा. मला एकदा बूड होतं.

माझा जन्म अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमधला. तिथे त्या उन्हाळ्यात इतकं गरम होतं की, लोखंड वाकवायला भट्टी लागत नसे, दुपारी दाराबाहेर नेऊन ठेवलं की ते आपणहून वाकायचं. मला घडवणारा भिकाजी दापोलीकडचा. वेल्डिंगमध्ये त्याचा हात बसलेला, पण बास्केटबॉल नावाचा खेळ त्यानं बापजन्मी पाहिला नव्हता. अबुधाबीतल्या एका कॉलेजातून फोन आला आणि फोरमननं निरोप दिला, "भिकाजी, एक बास्केट बनाने का है. लोहे का. गोल."

बास्केट म्हणजे टोपली. आणि टोपलीला बूड नको? भिकाजीनं मला गोल वळवलं, नारिंगी रंग दिला आणि खाली सळयांची झकास जाळीदार चकती वेल्ड करून टाकली. कॉलेजात मला फळीवर चढवलं. पहिला बॉल आला, माझ्यात पडला आणि तिथेच बसला. वरून कुणी काढेना, खालून पडेना. सगळं मैदान हसलं.

"अरे, ये तो बंद है!"

"टोपली बोल्ला ना तुमी?" भिकाजी म्हणाला. "बूड काढून मागितलेली टोपली मी पयल्यांदाच बघतोय."

त्यानं करवत आणली आणि माझं बूड कापलं. पण फेकलं नाही. "चांगलं लोखंड हाय," म्हणत ते बगलेत मारून तो कामगारांच्या कॅम्पवर घेऊन गेला. माझ्या अंगावर मात्र चार ओरखडे राहिले. त्यांच्याकडे पुढे आम्हा दोघांखेरीज कुणी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून भिकाजीला या खेळाचं वेड लागलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवारी मॅच असली की कंपनीच्या पिकअपमधून तो यायचा आणि माझ्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याला सांगायचा, "ती माझी." काय सांगू मित्रांनो, तेव्हा माझा रंग आणखी नारिंगी व्हायचा.

मी काय काय पाहिलं! एकदा शमालचं वादळ आलं. वाळूच्या त्या वाऱ्यानं बाकड्याखालचा बॉल उचलला, दोनदा मैदानभर फिरवला आणि अलगद माझ्यात टाकला. त्या वाऱ्याच्या नावावर दोन गुण अजून जमा आहेत. विश्वास नाही? बरं, राहिलं.

पण चौऱ्याण्णव सालची गोष्ट खरी आहे. कॉलेजच्या मुलींची टीम, कॅप्टन रुपाली. पोरी जिंकायला लागल्या आणि थांबेचनात. सलग नऊ मॅच! नववी जिंकल्यावर लोक मैदानात घुसले. "फोटो, फोटो!" कुणी कुणाला खांद्यावर घेतलं, आणि एकेक जण मला लोंबकळून फोटो काढू लागला. खेळाडू लटकल्या, त्यांचे भाऊ लटकले. बँकेतले एक गृहस्थ, सुरेशराव, तेही पोटासकट लटकले. माझ्या मागच्या बोल्टांचे आटे सैल झाले. मी कुरकुरले, पण जयजयकारात रिंगेची कुरकुर कोण ऐकणार?

दहावी मॅच सेमीफायनल होती. रुपालीचा शेवटचा शॉट नीट आला होता. माझ्या कडेला टेकला, मी थरथरले आणि बॉल बाहेर सांडला. टीम हरली. सुरेशराव बाकड्यावर मटकन बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "रिंगेनं घात केला."

पाना घेऊन माझ्यामागे काय झालंय ते बघायला कुणीच आलं नाही. हरलेल्या मैदानावर भिकाजीही पुढची काही वर्षं फिरकला नाही.

मग टीम आल्या आणि गेल्या. माझा रंग उडाला, जाळी फाटली, फळीवर साळुंक्या नांदू लागल्या. सुरेशराव मात्र येत राहिले. हरलेली ती टीम त्यांनी मनात अशी जपली की ती दरवर्षी वाढू लागली. रुपालीची उंची वर्षाला दोन बोटं वाढायची. तिनं अर्ध्या मैदानातून मारलेला शॉट पुढच्या वर्षी कॅन्टीनच्या पायरीवरून मारलेला झाला. थापा मारण्यात मी काही कमी नाही, मित्रांनो, पण या माणसापुढे मी हात टेकले. तो शॉट तिनं माझ्या नाकाखाली उभी राहून मारला होता!

आणि मग दोन हजार दोन साल उजाडलं. टीमची नवी कॅप्टन झाली मुग्धा, सुरेशरावांचीच मुलगी. किडकिडीत, केस घट्ट बांधलेले, बोलणं कमी. तिची टीम पहिली मॅच जिंकली, दुसरी जिंकली, तिसरीही. गर्दी परतली. एके संध्याकाळी गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "ती माझी." भिकाजी! कानशिलं पांढरी झाली होती, बोट तेच होतं.

बाकड्यावर आता दर मॅचला वाद रंगू लागला.

"चांगल्या खेळतात पोरी," सुरेशराव म्हणायचे, "पण चौऱ्याण्णवची टीम म्हणजे... काय डिफेन्स होता! मुंगी आत जायची नाही."

"साहेब, त्या सेमीफायनलला समोरच्यांनी चाळीस पॉइंट केलेले," भिकाजी म्हणायचा. "मुंग्या नव्हत्या, हत्ती जात होते."

"तू बोलू नकोस. टोपलीला बूड लावणारा माणूस तू."

"आणि तुमची ही तुलना? माझ्या रिंगेसारखी. वरनं टाका, खालनं पडते. बिनबुडाची!"

लोक हसायचे. सुरेशरावांच्या पत्नी विभावरी डब्यातला चिवडा पुढे करत म्हणायच्या, "अहो, निदान मुलीसमोर तरी नको." पण घरी, गाडीत, जेवताना तेच चालू असणार. कारण मैदानावर येताना मुग्धाच्या कपाळावर आठी असायची.

आठवी मॅच जिंकल्यावर ती घामेजलेली बापासमोर उभी राहिली. "बाबा, शेवटचा पास कसा होता?"

"झकास! अगदी रुपाली द्यायची तसा. म्हणजे रुपालीचा जरा अधिक..."

"बाबा." तिचा आवाज चढला नाही. "यू आर नॉट वॉचिंग मी. तुम्ही माझ्या मागे उभी असलेली टीम बघता. एकदा मला बघा ना. फक्त मला."

सुरेशरावांनी चिवड्याचा घास तसाच धरून ठेवला. मुग्धा परत फिरली, बॉल उचलला आणि सगळे गेल्यावरही बराच वेळ माझ्याकडे शॉट मारत राहिली. तिच्या प्रत्येक शॉटमध्ये एकच मागणं आहे, हे मला कळत होतं. कप नव्हे. बापाची नजर.

नववी मॅच बघायला दुबईहून एक बाई आली, कडेवर मूल घेऊन. मी तिला लगेच ओळखलं. मॅच मुग्धाच्या टीमनं जिंकली आणि तीच जुनी आरोळी उठली, "फोटो! चौऱ्याण्णवसारखा फोटो! लटका रिंगेला!" दोघे तिघे धावलेसुद्धा.

"खबरदार!" ती बाई ओरडली. "उतरा खाली. आम्ही लटकलो होतो, म्हणून पुढच्या मॅचला ही हलली. माझा बॉल बाहेर पडला तेव्हा ही थरथरताना मी पाहिलीय."

धावलेले दोघे तिघे मागे सरकले. मुग्धा हळूच म्हणाली, "तुम्ही... रुपालीताई? पण तुम्ही तर..." आणि तिनं हात डोक्याच्या बराच वर नेऊन उंची दाखवली.

रुपाली हसत सुटली. "मी तुझ्याएवढीसुद्धा नाही गं! माझी उंची वाढवतंय तरी कोण?"

सगळे सुरेशरावांकडे बघू लागले. सुरेशराव आकाशाकडे.

मुग्धा सरळ माझ्याखाली आली, उडी मारून माझी फाटकी जाळी ओढली आणि मी खुळखुळले. "भिकाजीकाका, इट्स लूज. नीट होईल?"

"न व्हायला काय झालं, बाय माझी? माझ्याच हातची हाय ती. यल्ला, चला, शिडी आणा."

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी भिकाजी पाना, तेल आणि रंगाचा डबा घेऊन आला. आठ वर्षांनी माझे बोल्ट आवळले गेले. प्रत्येक पिळाला अंगात जोर येत होता. शिडी धरायला मुग्धा होती. सुरेशरावही आले होते, पण गुपचूप नवी जाळी ओवत बसले. त्या दिवशी त्यांनी चौऱ्याण्णव हा आकडा एकदाही काढला नाही. मात्र ओठ सारखे हलत होते. सवय अशी एका दिवसात जाते थोडीच!

दहावी मॅच, पुन्हा सेमीफायनल. समोर शारजाची टीम. मॅचच्या आधी प्रिन्सिपॉल माइकवर बोलले, "आपली टीम फायनलला गेली, तर एक कंपनी आपल्याला काचेचा बोर्ड आणि इम्पोर्टेड रिंग देणार आहे. ही जुनी रिंग मग भंगारात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, मित्रांनो. मी तिथेच होते.

त्यातच विभावरीबाईंनी कुणाचं लक्ष नाही असं बघून, एका उंच मुलीला शिडीवर चढवून माझ्या कडेला लिंबू-मिरची बांधली. "दहावी मॅच आहे. दृष्ट लागते." रेफरी शिट्टी तोंडातून काढून बघतच राहिला. "मॅडम, बॉल निंबू को लगेगा तो किसको फाउल दूँ?"

"आई! इट्स सो एम्बॅरसिंग!" मुग्धानं शिडीवर चढून ते सोडलं, आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दृष्ट लागू दे. आज बघू देत सगळ्यांना."

मॅच अटीतटीची झाली. एक बास्केट त्यांची, एक आमची. शेवटी एका गुणाची पिछाडी राहिली आणि बॉल मुग्धाच्या हातात आला. दोघी अंगावर धावल्या. ती मागे सरकली आणि तिथूनच तिनं शॉट मारला.

बॉल हवेत असताना मी बाकड्याकडे पाहिलं. सुरेशराव उभे होते. ओठ बंद होते. डोळे बॉलवरही नव्हते. ते मुलीकडे बघत होते.

बॉल माझ्या मागच्या कडेला धाडकन आदळला आणि माझ्या काठावरून फिरू लागला. एक फेरा. रिंगेच्या मनात काय आलं असेल, सांगू? आत पडला तर मी भंगारात. बाहेर पडला तर माझं स्थान कायम. एवढीशी थरथर पुरे होती. तेवढी थरथर मला नीट जमते, आठ वर्षांचा सराव होता.

पण मी मनाशी ठरवलं होतं. बॉल आत घेणं किंवा बाहेर ढकलणं हे रिंगेचं काम नव्हे. रिंगेचं काम एकच, हलायचं नाही. पोरीनं माझे बोल्ट आवळून घेतले होते, ते काय मी हलावं म्हणून? मी दात आवळले. लोखंडाला दात असतात का, हे विचारू नका. मी हलले नाही.

बॉल दुसऱ्या फेऱ्यात कलला आणि माझ्यातून खाली गेला. नव्या जाळीनं सळ्ळ आवाज केला.

मैदानात काय गोंधळ उडाला! भिकाजी रेफरीलाच मिठी मारून "हबीबी, हबीबी" करत होता. मुग्धा मात्र गर्दीतून वाट काढत बापासमोर येऊन थांबली. धाप लागलेली. "बाबा. कसा होता?"

सुरेशरावांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता येणार, रुपाली येणार. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"कुणासारखाच नव्हता गं," ते म्हणाले.

मुग्धानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. रुपाली शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी ती मला फार उंच दिसली.

फायनलचं काय झालं? ते नव्या रिंगेला विचारा, मी तोवर तिथे नव्हते. दुसऱ्याच दिवशी मला उतरवून भिंतीला टेकवलं. भंगारवाला यायच्या आत भिकाजीची पिकअप आली. त्यानं मला मांडीवर घेतलं आणि मुसफ्फाच्या कॅम्पवर आणलं. मेसच्या चुलीशेजारून एक काळी पडलेली चकती काढली. तिच्यावर इतकी वर्षं पापड भाजले जात होते. तिचे चार ओरखडे माझ्या चार ओरखड्यांना बरोब्बर जुळले. भिकाजीनं वेल्डिंगचा चष्मा लावला आणि माझं बूड मला परत दिलं.

आता मी मेसच्या भिंतीवर असते. माझ्यात कांदे ठेवतात. संध्याकाळी कामावरून आलेली माणसं दारातून कांदे टाकायची शर्यत लावतात, आणि केरू नावाचा प्लंबर सध्या हरतच नाही. "केरू भारी," कुणीतरी म्हणतं, "पण मागच्या रमजानातला दगडू, त्याची बातच वेगळी होती!" मग भिकाजी पान्यानं मला टण्णकन वाजवतो.

मित्रांनो, तुमच्याही मैदानात एखादी रिंग असेल. जिंकलात तर तिला लटकू नका, हरलात तर तिला शिव्या देऊ नका. एक पाना आणि थोडं तेल घेऊन जा, तिचे बोल्ट बघा. आणि समोर कुणी खेळत असेल, तर त्यालाच बघा.

मुग्धा पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जाण्याआधी कॅम्पवर येऊन गेली. सुरेशरावही होते. तिनं दारातून एक कांदा माझ्याकडे टाकला. तो अजून माझ्या तळाशी आहे, भाजीसाठी कुणाला घेऊ देत नाही मी. पूर्वी बॉल यायचे आणि निघून जायचे. आता मला बूड आहे. आत पडलं ते राहतं.