गोठ्यावरचं शीड

वाशीच्या एका हॉलात १९९८ साली जहाजांचा धूर कमी करण्यावर परिषद भरली होती. शिडाच्या होडीवरचा जुना नावाडी म्हणून सत्काराला बोलावलेला म्हातारा गोटीराम पहिल्या रांगेत बसला होता. बंदराच्या साहेबांनी पडद्यावर शिडाचं जहाज दाखवलं. म्हणाले, "धूर कमी करायचा तर पुन्हा शिडं उभारावी लागतील."

गोटीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच साहेबांनी, इंजिन नाही म्हणून, त्याचा मचवा, मीठ वाहणारी शिडाची होडी, खाडीतून हुसकावला होता.

साहेब शाल घेऊन आले. त्याने हात पुढे केला नाही.

"शीड माज्या बकऱ्यांच्या गोठ्यावर हाय, न्या काढून. पन वारा वलखनारा मानूस मागू नका. पोराला मी वारा शिकवलाच नाय. तो तुमच्याच जहाजांत तेल भरतो."