भागोजीने शिवलेली फरी

मित्रांनो, माझ्या अंगावर बोटभर जागाही अशी नाही, जिथे कुणी मला मारलेले नाही. मी म्हशीच्या कातड्याची एक जुनी फरी आहे. फरी म्हणजे ताटाएवढी लहान ढाल. पठ्ठे उजव्या हातात गदका, म्हणजे चामडे मढवलेली काठी घेत आणि डाव्या हातात मला धरत. समोरच्याच्या गदक्याचा मार त्यांनी माझ्यावर झेलायचा. माझा जन्म मार खाण्यासाठी झाला आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही.

महाडकडून येताना उमरठच्या अलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात गोमाजी वस्तादांची तालीम होती. त्याच गावात, पण ओढ्यापलीकडे, भागोजीचे घर होते. तो चामड्याचे काम करी. एकोणीसशे बावीसच्या पावसाळ्यात त्याने मला घडवले. हिरड्याच्या पाण्यात कमावलेले कातडे त्याने दुहेरी केले, साच्यावर ताणले, मोगरीने ठोकले. आत मुठीसाठी दोन वाद्या शिवल्या आणि लोकरीची गादी दिली. काम झाल्यावर मूठ घालून त्याने मला दोनदा हवेत फिरवले. मला धरणारा पहिला हात तो.

तालमीच्या दारात त्याने मला जमिनीवर ठेवले आणि चार पावले मागे सरला. वस्तादांनी मला उचलून आत नेले. तो बाहेरच राहिला. त्याच्या जातीच्या माणसाने तालमीत पाऊल टाकायचे नाही, असा गावाचा दंडक होता. मला हातात घेताना मात्र कुणाला विटाळ झाला नाही.

काय ते दिवस होते, मित्रांनो! भाताची कापणी उरकली की संध्याकाळी पंधरा-सोळा पठ्ठे जमत. तेल-ताकात मळलेल्या तांबड्या मातीचा वास सुटे. वस्ताद ओरडत, "गदक्याकडं बघू नको रे, त्याच्या खांद्याकडं बघ! गदका मागनं येतो, खांदा आधी बोलतो." मी महिपतच्या हाती आले. महिपत शेतकऱ्याचा मुलगा, उंच, चपळ, थोडा गर्विष्ठ. तो लढायला लागला की चुलीवरची भाकरी टाकून बायका बघायला येत.

दर वर्षी होळीनंतर वस्ताद मला शिवणीला भागोजीकडे पाठवत. काम झाले की भागोजी मला दारात आणून ठेवी. पहिल्याच वर्षी तो म्हणाला, "वस्ताद, एक बोलू? फरी मधोमध कोरी हाय. समदा मार वरच्या काठावर. धरणारा डावा खांदा पाडतो. अजून चार बोटं खाली आला, तर गदका थेट टाळक्यात."

वस्ताद चकित झाले. भागोजीने तालमीतली एकही लढत पाहिलेली नव्हती. माझ्या अंगावरचे व्रण वाचून त्याला लढत दिसली होती. त्याच संध्याकाळी वस्तादांनी महिपतचा खांदा सुधारला. पुढेही दरसाल हेच झाले. भागोजी खोड सांगे आणि वस्ताद ती मोडत. "आमच्या वस्तादांची नजर म्हंजी घारीची," असे महिपत जिथे तिथे सांगे. वस्ताद ऐकून गप्प बसत. त्यांच्या मनाला ते टोचत असावे, कारण अशा वेळी ते माझ्याकडे बघणे टाळत.

मग सत्तावीस साल आले. महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायला माणसे गेली, त्यांत भागोजी होता. परतला तेव्हा त्याच्या कपाळाला पट्टी होती. त्या वर्षी तो तालमीच्या दारात आला नाही. माझी शिवण उसवली, वादी लोंबू लागली. अखेर एका सकाळी वस्तादांनी मला काखेत घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओढा ओलांडला.

भागोजी ओटीवर बसून चप्पल शिवत होता. तो उठला नाही.

"भागोजी, फरी उसवली हाय," वस्ताद म्हणाले.

"दिसतंय."

"शिवतोस ना?"

भागोजीने आरी खाली ठेवली. "वस्ताद, चार वर्सं तुमच्या पठ्ठ्याच्या खोडी मी सांगितल्या. तालमीत माझं नाव कवा घेतलंत?"

वस्ताद माझी लोंबती वादी बोटाभोवती गुंडाळू लागले.

"मला नाव नाय पायजे," भागोजी म्हणाला. "माझा सहदेव वीस वर्सांचा हाय. परसात काठी घेऊन माझ्याकडनं शिकलाय. त्याला आत घ्या. मग फरी शिवतो."

 वस्ताद ओटीवर बसले आणि म्हणाले, "उद्या पाठव."

दुसऱ्या दिवशी सहदेव तालमीत आला आणि सोळांपैकी अकरा जण निघून गेले. सर्वांत पुढे महिपत होता. त्याने मला वस्तादांच्या पायाशी ठेवले. "तुमी गाव बुडवलंत," एवढेच तो बोलला. मला फार वाईट वाटले. पाच वर्षे त्याच्या हाताचा घाम मी प्याले होते.

भागोजीने मला शिवले आणि वस्तादांनी मला सहदेवच्या हाती दिले. त्याची मूठ आवळलेली नसे, तरी ढिलीही नसे. तो पावसाळाभर रोज आला. वस्तादांशी गावात कुणी बोलेना, पण त्यांनी शिकवणे सोडले नाही.

दसऱ्याला देवळापुढच्या मैदानात लढती होत. सहदेवने रिंगणात उतरून सलामी दिली. समोर कुणी येईना. माणसे तोंड फिरवून उभी राहिली. वस्ताद मोठ्याने म्हणाले, "सलामीला जोड नाय मिळाली, तर रिंगण सहदेवचं. ह्यो जुना कायदा हाय."

महिपतला ते सोसवेना. न लढता रिंगण सोडणे त्याच्या रक्तात नव्हते. दुसरी फरी उचलून तो आत आला.

कसे लढले दोघे! महिपतचे घाव जोराचे. एकेक घाव माझ्या गादीपर्यंत पोचत होता. सहदेव मागे सरे, वळे, झेली, पण घाई करीना. महिपत दमला आणि दमल्यावर त्याची जुनी खोड उफाळून आली. डावा खांदा चार बोटे खाली आला. त्या क्षणी सहदेवचा गदका महिपतच्या फरीवरून गेला आणि त्याच्या पागोट्याला नुसता टेकला. मनात असते तर त्याने डोके फोडले असते.

 महिपत धापा टाकत म्हणाला, "ह्ये तुला कुणी शिकवलं?"

"बानं," सहदेव म्हणाला. "तुमालाबी त्यानंच शिकवलंय."

महिपतने वस्तादांकडे पाहिले. वस्ताद रिंगणात आले. ते म्हणाले, "खरं हाय. माझी नजर घारीची नाय. ती नजर भागोजीची. मी ती चोरली आणि चार वर्सं गप बसलो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक आपापल्या घरी गेले. पण आठ दिवसांनी महिपत आपली फाटकी फरी घेऊन ओढ्यापलीकडे गेला, भागोजीच्या ओटीवर टेकला आणि म्हणाला, "बघ रे भागोजी, अजून काय चुकतंय माझं?" पुढे तो आणि आणखी दोघे तालमीत परतले. बाकीचे कधीच आले नाहीत.

आता त्या गोष्टीला दहा वर्षे झाली. वस्ताद गेले, भागोजीही गेला. सहदेव मुंबईला गिरणीत लागला आणि जाताना मला महिपतकडे ठेवून गेला. पठ्ठे एकेक करून त्याच वाटेने गेले आणि तालमीच्या मातीत गवत उगवले. मी महिपतच्या घरी खुंटीला असते. मधली तीन वर्षे मला कुणी हात लावला नाही. उंदरांनी माझा काठ कुरतडला, चामडे वाळून भेगाळले. गेल्या दसऱ्याला सहदेव गावी आला, तेव्हा महिपतला माझी आठवण झाली. दोघांनी अंगणात बसून मला करंजाचे तेल चोळले आणि माझ्या अंगावरचे एकमेकांच्या वेळचे व्रण मोजत हसत राहिले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, उन्हापावसात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण माझ्यासारखी एखादी भेटली, की तिने किती लढती पाहिल्या एवढेच विचारून थांबू नका. ती कुणी घडवली, तेही विचारा. नाव कळले की ते चारचौघांत मोठ्याने घ्या. तेल मागाहून लावले तरी चालेल.