बाबांच्या बोटांची टोकं

नेलकटरचा "टक्" असा आवाज झाला आणि महत्प्रयासानं झोपवलेली लेक टुणकन उठून बसली. मी डोळे वटारून बाबांकडे पाहिलं. ते खिडकीत बसून नखं कापत होते.

"मुलं माझे हात बघणार. अशीच नेऊ का नखं?" ते म्हणाले.

जन्मभर कोट शिवणाऱ्या माझ्या बाबांना उतारवयात हे नवं काम लागलं होतं: हात पुढे करून नुसतं बसायचं. दर गुरुवारी मी मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चित्रकला शिकवते. डॉक्टर होणाऱ्यांना चित्रकला कशाला, असं पहिल्याच दिवशी मुलांनी विचारलं होतं. तिथल्या मोठ्या मॅडमचं म्हणणं असं, की आजार दिसायला लागला की या मुलांना माणूस दिसेनासा होतो, तेवढं बघा काहीतरी. मी बघितलं ते इतकंच. एका माणसाला समोर बसवायचं, अर्धा तास त्याचे हात काढायचे, मग त्याच्याशी गप्पा मारायच्या. आजाराबद्दल मात्र चकार शब्द नाही. आधी वॉर्डातली माणसं यायची. एकदा ऐनवेळी कुणी मिळेना, म्हणून बाबांना नेलं, आणि ते तिथलेच होऊन गेले.

त्या दिवशी लेकीला शेजारच्या काकूंच्या गळ्यात घालून आम्ही पोचलो. बाबांनी टेबलावर हात ठेवले आणि नेहमीची तंबी दिली, "नीट काढा रे. आमच्याकडे बिघडलं तर उसवता तरी येतं."

मुलं हसली, मग पेन्सिली चालू लागल्या. फिरत फिरत मी चष्मेवालीपाशी थांबले. वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी. तिनं बाबांच्या बोटांची टोकं काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखी काढली होती, गोल आणि फुगीर. बोटं टोकाला निमुळती होतात, असं सांगत मी तिची पेन्सिल घेतली आणि रेघ सुधारून दिली. बाबांच्या हातांची मी शंभरेक चित्रं काढली असतील. वर बघायचीही गरज पडली नाही.

ती जरा घुटमळली.

"मॅडम, मी बघून काढलं होतं."

मग मी बघितलं.

गप्पांची वेळ झाली तशी ती स्टूल ओढून बाबांशेजारी बसली. नियम तिनं पाळला. कोटात सगळ्यात अवघड काय असतं, ते विचारलं. खांदे, बाबा म्हणाले. कुणाचेच दोन खांदे सारखे नसतात, पण ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं, आतून भर घालून गुपचूप सारखे करायचे. मग तिनं शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाबद्दल विचारलं. बाबांना हसू आलं. ते तर वर्षभर बोटात जातच नाही म्हणे. म्हातारपणी माणूस आटतो, यांची बोटं तेवढी बाळसं धरतायत.

ती हसली नाही. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आजोबा, आता नियम मोडते. अशी बोटं दिसली की छाती तपासून घ्यावी, असं आम्हाला शिकवलंय. काही नसेलही. उद्या याल माझ्याबरोबर? सगळं होईपर्यंत मी तिथंच थांबेन."

बाबांनी तिला शिंप्याच्या नजरेनं न्याहाळलं.

"तुझा डावा खांदा उतरता आहे हं, पोरी," ते म्हणाले. "येतो."

ती खरंच थांबली. त्या दिवशी थांबली, नंतरच्या दोन्ही तपासण्यांना थांबली, आणि फुप्फुसातली गाठ आता काढण्यापलीकडे गेली आहे हे मोठे डॉक्टर सांगत होते तेव्हाही बाबांच्या बाजूच्या खुर्चीत होती. डॉक्टर भराभर बोलले. ते गेल्यावर तिनं सगळं पुन्हा सावकाश सांगितलं, आणि बाबांनी विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं. मी मात्र त्यांच्या हातांकडे बघत बसले होते. रोज सकाळी याच हातांतून मी चहाचा कप घेते.

घरी येताना बाबांनी कापडाच्या दुकानापाशी रिक्षा थांबवायला लावली. मला वाटलं, त्यांना दम लागला. ते आत गेले आणि हाताला मऊ लागतं का बघत बघत चार रंगांची कापडं घेऊन आले.

तेव्हापासून घरात मशीन चालू आहे. विश्रांती घ्या म्हटलं, की बसूनच तर करतोय, म्हणतात. सुई टोचते तेव्हा बोट तोंडात धरतात आणि पुढे शिवतात.

काल दुपारी मी वर्गातली चित्रं चाळत बसले होते. लेक नवा फ्रॉक घालून समोर येऊन उभी राहिली. बाह्यांतून हात दिसत नव्हते, घेर जमिनीवर लोळत होता, गळा एका खांद्यावरून घसरला होता. तिनं तो वर ओढला, तो पुन्हा घसरला. आतल्या खोलीत बाबा दुसरा कापत होते, याच्याहून वीतभर मोठा.

"आई," तिनं अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, "आजोबांचं माप चुकलं का गं?"