खुब्यातला गंज

आमच्या गावाबाहेरच्या बंद धानगिरणीच्या आवारात त्या सोमवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चामोर्शीच्या बाजाराला निघालेल्या बैलगाड्या वाटेतच थांबल्या होत्या. वांगी गाडीत, माणसं गिरणीत. मधोमध लाकडी पलंगावर कळहारी बाबा बसले होते. हातात माईक, अंगावर बिबट्याच्या ठिपक्यांचं छापील कापड.

"कळ म्हणजे कोण?" बाबा विचारत होते. "कळ म्हणजे घरात घुसलेली सून. अन् मी तिचा सासरा. मी खाकरलो का ती डोक्यावर पदर घेऊन मागच्या दारानं बाहेर जाते."

बाबा माईकमध्ये खाकरले. पाचशे लोकांनी हात जोडले. मग त्यांनी गिरजाबाईला चालून दाखवायला सांगितलं. गिरजाबाई खुर्चीवरून उठली, काठी बाजूला ठेवली आणि वीस पावलं चालली. वर्षानुवर्षं तिला लंगडताना पाहिलेल्या बायका रडायला लागल्या. बाबांना पायी चालणारी जाहिरात फुकटात मिळाली होती, आणि ती माझी सख्खी मोठी बहीण होती.

मी देवराव, गावच्या दवाखान्यात कंपाउंडर. ही गोष्ट १९८७ सालची.

गिरजाबाईच्या डाव्या खुब्यातला हाडाचा गोळा रक्त न मिळाल्यामुळे वाळून गेला होता. बांधावर चढताना ती ओरडायची, पुढे पुढे ओरडणंही बंद झालं, नुसती दात आवळायची. नागपूरच्या डॉक्टरांनी तो सांधा काढून तिथे धातूचा गोळा आणि वाटी बसवली. असं ऑपरेशन आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलंही नव्हतं. घरी सोडताना त्यांनी नियम सांगितले. उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, शौचाला उंच पाट, रोज ठरलेला व्यायाम. आणि दुखणं थांबवणाऱ्या तीन महिन्यांच्या गोळ्यांचा डबा दिला. दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

इथे मी माझं शहाणपण चालवलं. गोळ्यांची सवय लागते असं मला वाटे. मी तिला म्हटलं, अगदीच सहन होत नसेल तेव्हा एखादी घे, बाकी थोडं दुखणारच. तिनं ऐकलं, कारण भाऊ दवाखान्यात होता. मग दुखतं म्हणून ती व्यायाम करेना, व्यायाम नाही म्हणून पाय आखडला, आणि आखडला म्हणून जास्त दुखायला लागलं. मी रोज संध्याकाळी जाऊन तेच सांगत होतो, थोडं दुखणारच.

याच दिवसांत बाबा आले. त्यांनी तिला जवळ बसवलं आणि कुठे दुखतं, कधी दुखतं, बसताना की उठताना, हे सारं अर्धा तास विचारलं. मी ते दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग उपाय सांगितला. इंग्रजी गोळ्यांचा त्याग. जवळ असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पलंगापुढच्या तांब्याच्या हंडीत अर्पण करायच्या. बदल्यात अंगारा. तो दिवसातून तीनदा, पोटात अन्न असताना. सगळे आपापल्या गोळ्या आणून टाकत. गिरजाबाईनं तर आठवड्याआठवड्याला डबा थोडा थोडा करून हंडीत रिकामा करत आणला.

आणि गुण आला. तिसऱ्या दिवशी ती शांत झोपली. आठवड्यानं व्यायाम सुरू केला. महिन्यानं वीस पावलं.

मी तिच्यावर चिडलो. आपल्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेताना घरातले देव वैनगंगेत सोडले, आणि तू बाबाच्या पाया पडते, असं बोललो. ती शांतपणे म्हणाली, "मी देवासाठी नाई गेली. दुखते म्हणून गेली. तुयाजवळ औषध असतं तं तुयाकडे आली असती."

मग त्या सोमवारच्या गर्दीत बाबांनी पुढचा चमत्कार जाहीर केला. पुढच्या सोमवारी गिरजाबाई सगळ्यांसमोर उकिडवी बसून दाखवणार होती. तशी ती बसली असती तर धातूचा गोळा वाटीतून निसटण्याची भीती होती. मग पुन्हा नागपूर, पुन्हा ऑपरेशन, आणि चालणं कदाचित कायमचं गेलं असतं.

मी त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेलो. ती ऐकायला तयार नव्हती. बोलता बोलता तिनं खूप लाजत एक गोष्ट सांगितली. चार दिवसांपासून तिची लघवी केशरी होत होती. शेजारच्या अंजनाबाईचीही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुझ्या खुब्यात लोखंड आहे ना, त्याचा गंज निघून राह्यला.

मी विचारलं की अंजनाबाईच्या खुब्यात कुठलं लोखंड आहे?

"तिचं पाप निघून राह्यलं म्हणे," गिरजाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबली.

लघवी केशरी करणारं एक औषध माझ्या रोजच्या ओळखीचं होतं. क्षयाची लाल कॅप्सूल. गावात ती एकाच माणसाला चालू होती, खुशाल सुताराला. मी त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर बसून खोकत होता. त्यानं सांगितलं की दीड महिन्याच्या कॅप्सूल त्यानं गेल्या आठवड्यात हंडीत टाकल्या. खोकला ही पण एक कळच आहे, असं बाबांनी सांगितलं होतं. कालपासून थुंकीत रक्त येत होतं.

आता सगळं उघड होतं. लोक ज्या गोळ्या अर्पण करत, त्याच कुटून, गोवरीच्या राखेत मिसळून बाबा त्यांना परत देत होते. गिरजाबाईचं दुखणं गिरजाबाईच्याच गोळ्यांनी थांबत होतं. शिवाय त्यात अंजनाबाईच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, खुशालच्या कॅप्सूल होत्या आणि कुणाकुणाच्या आणखी काय काय.

मी हे गिरजाबाईला सांगितलं. तिनं विचारलं, "मंग मले गुण आला तो खोटा का?"

"गुण खरा आहे, बाई. गोळीचा आहे. राखेचा नाही."

ती म्हणाली, "तू म्हणते म्हणून मी मानत नाई. तो म्हणते म्हणून बी नाई मानत. पाहून घेऊ."

परीक्षा तिनंच ठरवली. सांधे दुखणाऱ्या सहा बायका दवाखान्यातून दर आठवड्याला मिळणाऱ्या गोळ्या घेऊन रोज तिच्यासोबत गिरणीत जात. त्या सहाजणी आणि ती, यांच्याच दुखण्याच्या गोळ्यांवर बाबांचा कारभार चालला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या हंडीत खडूचे गोल घासलेले तुकडे टाकू लागल्या, कागदात बांधून. आपल्या गोळ्या घरी, जेवणानंतर. अंगारा आणायचा आणि चुलीत टाकायचा. दरम्यान मी दवाखान्याच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी खुशालला त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

गुरुवारपर्यंत काही जाणवलं नाही. शुक्रवारी गावातल्या, रोज अंगारा घेणाऱ्या देवाजी पाटलांचे गुडघे धरले. ते आदल्या सोमवारी पलंगापुढे नाचले होते. शनिवारी कमरा धरल्या, रविवारी माना. पण आमच्या सातजणी मात्र बिनघोर चालत होत्या.

सोमवारी गर्दी दुप्पट होती आणि अर्धी कण्हत होती. बाबा खाकरले. काही झालं नाही. पुन्हा खाकरले. देवाजी पाटील खालूनच म्हणाले की महाराज, तुमची सून परत आली. लोक हसले. बाबांनी ताबडतोब कारण शोधलं. सभेत कुणाचं तरी मन मैलं आहे, म्हणून देव रुसला. आता गिरजाबाई उकिडवी बसली की देव प्रसन्न होईल.

गिरजाबाई काठी घेऊन उठली. चालत पलंगाजवळ गेली आणि माईक मागितला. बाबांना वाटलं, जयजयकार करणार. त्यांनी दिला.

"मी उकिडवी नाई बसत," ती म्हणाली. "डॉक्टरनं मना केलं आहे. सहा दिवसापासून आम्ही हंडीत खडू टाकून राह्यलो. अंगारा घेतला नाई. आपल्या गोळ्या घरी खाल्ल्या. आम्हाले दुखत नाई. तुम्ही खडू खाल्ला, तुम्हाले दुखते."

मग ती बाबांकडे वळली. "मैलं मन मायं आहे, महाराज. आता आतला खल बाहेर आणा."

खल आणायला बाबांचा चेला तयार नव्हता, म्हणून देवाजी पाटीलच लंगडत आत गेले. लोखंडी खलबत्ता, कॅप्सूलची रिकामी टरफलं आणि चांदीच्या कागदांचं पोतं घेऊन आले. बत्त्याचं टोक लालभडक होतं. नंतर कळलं की तो चेला पूर्वी औषधाच्या दुकानात कामाला होता. जेवणानंतर तीनदा, हे त्याचंच ज्ञान. पोलीस येईपर्यंत लोकांनी दोघांना गिरणीतून हलू दिलं नाही.

खुशाल वाचला. पण मध्ये औषध तुटल्यामुळे त्याला सुरुवातीपासून, सुयांसकट, दीड वर्ष उपचार घ्यावे लागले. पुन्हा करवत ओढण्याइतका दम त्याच्यात कधी आला नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी बाबांपेक्षा मला जास्त झापलं. ते म्हणाले की ऑपरेशननंतरचं दुखणं अंगावर काढायचं नसतं, ते चढायच्या आधी गोळी द्यायची असते, म्हणजे माणूस हालचाल करतो आणि हालचालीनंच बरा होतो. दुखणं सोसल्यानं सांधा मजबूत होतो हीसुद्धा अंधश्रद्धाच, आणि ती बाबानं नाही, कंपाउंडरनं पसरवली होती.

मी गिरजाबाईची माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही. आधी तिनं मला तिच्या व्यायामाचा कागद वाचायला लावला आणि पाय किती वर जातो ते मोजून घेतलं.

म्हणून सांगतो. तुमच्या घरात कुणी कण्हत असेल तर त्याला धीर धर म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. दिलेलं औषध ठरल्या वेळी द्या आणि कशासाठी आहे ते विचारा. न विचारता राख खाऊ नका, गोळीही खाऊ नका. कंपाउंडर सांगतो म्हणून तर मुळीच नाही.