कणगीमागचा डबा

मी एक जुना, आडवा कापलेला तेलाचा डबा आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली कहाणी सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. ऐकण्यासारखं माझ्यापाशी फार नाही. तरी थोडं बोलतो.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तेव्हा मी इतका चकचकीत होतो की दुकानात मुलं माझ्यात बघून वेडीवाकडी तोंडं करत. करडीचं तेल घेऊन मी जिंतूरजवळच्या एका खेड्यात, बसम्मांच्या घरी आलो. तेल संपलं, मग माझ्यात ज्वारीचं पीठ राहू लागलं. डबा लय मजबूत हाय, असं बसम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. पुढे गंज चढला आणि मी न्हाणीमागे पडलो. तिथे माझी आठवण फक्त कोंबड्यांना होती.

मला पुन्हा घरात आणलं ते त्यांच्या सुनेने, शिवकन्येने. परसात भाजी लावायची आणि आठवडी बाजारात स्वतः बसून विकायची, असं तिने ठरवलं होतं. वांगी धरेपर्यंत मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर, म्हणजे कोणत्याच बाजाराला पाटी रिकामी राहणार नाही. उन्हाळ्यात परसातली जमीन तव्यासारखी तापते, म्हणून रोपं घरातच करायची होती. तिने मला आडवा कापून घेतला, बुडाला खिळ्याने भोकं पाडली आणि माती-शेणखत भरलं.

बी बसम्मांच्या आईचं होतं. काटेरी वांग्याचं, राखेत घोळून पुरचुंडीत बांधलेलं. ते वाण गावात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. त्यांनी निम्मंच दिलं, तेही हात आखडत.

रोपं उगवली आणि बसम्मांना शेजारच्या कमलबाईंच्या नजरेची धास्ती बसली. त्यांनी माझ्याभोवती काळा दोरा बांधला आणि मला माजघरात, धान्याच्या कणगीमागे लपवलं. उजेडाला ठेवू, असं शिवकन्या म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. अंधारात रोपं भराभर वाढली. लांब, फिकट, सुतासारखी. माझ्या भावावानी उंच निघाली, असं बसम्मा कौतुकाने म्हणायच्या. मलाही अभिमान वाटायचा. मला काय कळत होतं?

लावणीच्या दिवशी रोपं उन्हात गेली आणि दुपारपर्यंत आडवी झाली. एकही वाचलं नाही. नेमक्या त्याच सकाळी कमलबाई ताक मागायला येऊन गेल्या होत्या. बसम्मांनी सगळा दोष त्यांच्यावर ढकलला, बोलणं सोडलं आणि उरलेल्या बियांची पुरचुंडी कमरेला खोचली.

शिवकन्येने वाद घातला नाही. माझ्या रिकाम्या मातीत बोट फिरवत ती हळूच म्हणाली, “आत्याबाई, मला बी पहिलं वरीस तुमी घरातच ठेवलं. लय मायेनं. मग मेथी घेऊन बाजारात बसले, तर तोंडातून भाव निघंना. रोपांचं तसंच झालंय.”

बसम्मांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. मग त्यांनी पुरचुंडी सोडली. “हे गेलं, तर माझी माय गेली बघ.”

या वेळी मी ओट्यावर राहिलो. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त, थोडा वाराही. बसम्मा राखणीला शेजारी बसायच्या. दोरा मात्र त्यांनी सोडला नाही. रोपं बुटकी, जाड देठाची झाली. एक दिवस कमलबाई खाली मान घालून समोरून निघाल्या. बसम्मांचा हात सवयीने पदराकडे गेला, मला झाकायला. तो मध्येच थांबला.

“कमल, लांबून काय जायलीस? जवळ ये. चार रोपं ने. माझी मेली, तर तुझ्याकडं तरी राहतील.”

आता दोन्ही परसांत काटेरी वांगी लागली आहेत. बाजारात शिवकन्येचा आवाज पार टोकापर्यंत ऐकू येतो म्हणे. माझा एक कोपरा गंजून गळाला आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी असेन की नाही, कोण जाणे. मित्रांनो, ज्याला जपायचं त्याला झाकून ठेवू नका, हळूहळू उन्हात न्या. आणि मला भंगारात देताना कुणीतरी तो काळा दोरा तेवढा सोडून घ्यावा. नव्या डब्याला बसम्मा तो बांधणारच.