एक दाखला प्रलंबित

नगरपालिकेच्या तळमजल्यावर चार नंबरच्या खिडकीत जन्ममृत्यूचे दाखले मिळत. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळं गाव दाखलेबाई म्हणे. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथेच राहिलं. त्यांचे मिस्टर पालिकेच्याच पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होते. घरी तेही कधीमधी विचारायचे, "काय दाखलेबाई, चहासाठी अर्ज करावा लागेल का?" मूलबाळ नव्हतं. दोघं सकाळी एकत्र निघत, पालिकेच्या फाटकाशी वेगळी होत, संध्याकाळी पुन्हा फाटकाशीच भेटत.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत दाखला म्हणजे लोकांना डोकेदुखी होती. आज साहेब नाहीत, उद्या शिक्का नाही, परवा रजिस्टर वरच्या मजल्यावर. तीन तीन आठवडे चपला झिजवायच्या. मग लहान गावांच्या पालिका सक्षम करायची योजना प्रांताच्या मुख्य कचेरीतून आली. नवे कॉम्प्युटर आले, प्रिंटर आला, आणि प्रत्येक पालिकेतून दोन माणसांना सहा दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावणं आलं. इथून दाखलेबाईंचं नाव गेलं आणि दुसरं शाईकाकांचं. शाईकाका म्हणजे जुन्या रजिस्टरांच्या खोलीतले कारकून. आख्खी पालिका बॉलपेनवर गेली तरी हे दौतीतून शाई भरायचे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. निघायच्या दिवशी त्यांना ताप आला आणि बाई एकट्याच गेल्या.

परत आल्यावर चक्रं फिरली. अर्ज आणि कागद बरोबर असले की अकरा-बारा मिनिटांत दाखला हातात. प्रांताच्या कचेरीत म्हणे भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर सगळ्या गावांची नावं आणि पुढे किती दाखले प्रलंबित तो आकडा. शून्य असेल तर गाव हिरवं, दाखला अडकला की पिवळं, दिवस वाढले की लाल. हे गाव चौदा महिने हिरवं होतं. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांनी खुर्चीमागे टांगलं. कुणी गमतीनं म्हणालं, की फोटो बाईंचा लावायला हवा होता. बाई म्हणाल्या, "फोटोला हार घालतात. नको."

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बाईंच्या मिस्टरांनी शाळेच्या टाकीपाशी टँकर लावला. पाइप टाकीत सोडला, व्हॉल्व्ह उघडला आणि केबिनच्या पायरीवर टेकले. टाकी भरून पाणी अंगणात वाहायला लागलं तरी ते उठले नाहीत, तेव्हा शाळेतल्या एक शिक्षिका बघायला आल्या.

निरोप सांगायला साहेब स्वतः खाली आले. आत यायचं सोडून ते खिडकीबाहेर, रांगेच्या बाजूलाच उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "बाई, जरा वर येता? दवाखान्यातून फोन आहे." त्यांचा चेहरा बघून बाईंना कळलं. हातात एका तान्ह्या मुलाचा जन्मदाखला होता, त्यावर शिक्का मारायचा राहिला होता. तो त्यांनी मारला, पावतीवर बापाची सही घेतली, नावात चूक नाही ना ते बघून घ्यायला सांगितलं आणि मग उठल्या.

बुधवारी सकाळी सगळं आटोपलं. नणंद दुसऱ्या गावाहून आली होती, ती राहिली. माणसं येत होती, बसत होती, जात होती. बाई प्रत्येकाला पाणी विचारत होत्या. कुणी गळ्यात पडून रडलं की त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायच्या. महिना उलटायचा राहिला होता.

गुरुवारी साहेबांचा फोन आला. "बाई, मला कळतंय हो. पण खिडकीवर चौघं थांबलेत. एका बाईला उद्या परदेशी जायचंय, मुलाचा दाखला हवाय. तुमच्याशिवाय कुणाला ते मशीन येत नाही. दोन तास. फार नाही."

नणंदेनं ऐकलं. "वहिनी, यांना काही जनाची नाही तर मनाची? दादा जाऊन दोन दिवस नाही झाले."

"घरी बसून तरी काय करू?" बाई म्हणाल्या. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. खरंच काही करायचं नव्हतं. भांडी घासून झाली होती, कपडे वाळले होते.

चार दाखले पाऊण तासात झाले. मग त्यांनी दवाखान्यांकडून आलेली नवी यादी उघडली. रोज उघडायच्या. तीन नावं होती, मधलं त्यांच्या मिस्टरांचं. ते नाव त्यांनी इतर नावांसारखंच निवडलं, अर्जदार म्हणून स्वतःचं नाव घातलं, नातं घातलं. पडद्यावर चौकट आली: अर्जदार आणि नोंद करणारा कर्मचारी एकच आहे, नोंद दुसऱ्या कर्मचाऱ्याने करावी.

हा नियम त्यांना पाठ होता. प्रशिक्षणात प्रांताच्या कचेरीतल्या मॅडमनी उदाहरण देऊन शिकवला होता. कुठल्याशा गावात एका कारकुनानं जमिनीसाठी दोन जिवंत भावांना कागदावर मारून टाकलं होतं. वर्ग हसला होता, बाईही हसल्या होत्या. त्यांनी चौकट बंद केली आणि कॉम्प्युटर बंद करून घरी गेल्या. गावापुढचा आकडा शून्याचा एक झाला.

शुक्रवारी पिवळा झाला, सोमवारी लाल. बाई रोज दोन तास येतच होत्या. बाकी सगळ्यांना दाखले त्याच दिवशी मिळत होते. सोमवारी प्रांताच्या कचेरीतून त्याच मॅडमचा फोन आला.

"बाई, तुमच्याकडे एक लाल दिसतंय. तुमच्या गावचं लाल मी कधी पाहिलं नाही. कागद अपुरे आहेत का?"

"कागद पुरे आहेत. ते माझ्या मिस्टरांचं आहे."

मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं. पडद्यावर नुसता आकडा दिसतो." आणि मग, "पण तुमच्याकडे दुसरे एक प्रशिक्षित कर्मचारी आहेत ना? माझ्याकडे कागदावर दोन नावं आहेत."

"कागदावर आहेत," बाई म्हणाल्या.

दुपारी साहेबांनी वर बोलावलं. बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. "हे बघा, सोपं आहे. माझं खातं आहे, पासवर्ड तुम्हीच तयार करून दिलात. माझ्या नावानं उघडा, एक बटण दाबा, विषय संपला. महिन्याचा अहवाल जायचाय. एवढ्याशा गोष्टीसाठी गाव लाल कशाला?"

"नको साहेब."

"का नको? तुमचंच काम आहे."

चहावर साय धरत होती. "रोज मी सगळ्यांचे करते," त्या शेवटी म्हणाल्या. "ते काम असतं. हे पण मीच केलं तर हेही काम होईल."

साहेबांना ते कळलं नाही, आणि बाईंनाही पुरतं कळलं होतं असं नाही. त्या उठल्या आणि जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर रजिस्टरांच्या खोलीत गेल्या.

शाईकाका पुठ्ठ्याला खळ लावत होते. त्यांना बघून उभे राहिले. मिस्टर गेल्यापासून ते काही बोलले नव्हते, नुसते अंत्ययात्रेत मागे मागे चालले होते.

"काका, तुम्हाला मशीन शिकायचंय," बाई म्हणाल्या. "माझ्या मिस्टरांची नोंद राहिलीये. ती मला करता येत नाही."

काका खाली बसले. खळीचा हात फडक्याला पुसत राहिले. "त्या वेळी मला तापबीप काही नव्हता," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

"अहो, वर्गात सगळी पंचविशीतली पोरं असणार. मी एका बोटानं एकेक अक्षर शोधत बसणार. म्हटलं, कशाला या वयात शोभा करून घ्या." त्यांनी पुठ्ठा बाजूला सरकवला. "तुम्ही एकट्या पडलात. मला दिसत होतं. मी म्हटलं, चाललंय ना, चालू द्या."

"आता नाही चालत," बाई म्हणाल्या.

तीन दिवस त्या सरावाच्या पानावर शिकवत होत्या. तिथे खोटी नावं घालायची असतात. काकांना खोटी नावं सुचेनात, ते स्वतःचंच घालायचे. माउस टेबलाच्या कडेवरून खाली पडायचा, वेलांट्या उलट्या पडायच्या, पान मध्येच नाहीसं व्हायचं. बाई न चिडता पुन्हा पहिल्यापासून दाखवायच्या. त्यांना राग येतच नव्हता. दुसऱ्या दिवशी काका कपाळ पुसत म्हणाले, "आज मी तीनदा मेलो आणि एकदाही दाखला निघाला नाही." म्हणाले आणि जीभ चावली. बाईंच्या तोंडून आवाज निघाला, हसण्यासारखा. हसू मात्र आलं नाही. "पुन्हा मरा," त्या म्हणाल्या. "या वेळी तारीख आधी टाका."

शुक्रवारी काका म्हणाले, "करू या. तुम्ही शेजारी बसा."

"शेजारी नाही. अर्जदार खिडकीबाहेर असतो."

बाई बाहेर गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. पुढे दोघं होते. काकांना त्या दोघांचं करायला दीड तास लागला. बाहेरून काचेवर बोटांचे ठसे दिसत होते, आतून ते कधी दिसले नव्हते. बोलायच्या भोकाशी यायचं तर बऱ्यापैकी वाकावं लागत होतं.

"मृताचं नाव?" काकांनी विचारलं. त्यांना नाव माहीत होतं, वीस वर्षं एकत्र चहा प्यायले होते. पण असंच विचारायचं असतं असं बाईंनीच शिकवलं होतं.

बाईंनी सांगितलं. काकांनी एकेक अक्षर शोधून दाबलं.

"दुसरी वेलांटी," बाई काचेतून बघत म्हणाल्या. त्यांनी ती खोडून दुसरी केली.

"वय?"

"एकोणपन्नास."

"व्यवसाय?"

"ड्रायव्हर."

"मृत्यूचं ठिकाण." काका वाचू लागले. "दवाखाना, घर, इतर."

"इतर."

"इतर ठिकाणाचं वर्णन मागतंय." त्यांनी चष्मा वर केला. "रस्ता लिहू? मागच्या नोंदींमधे सगळीकडे रस्ता आहे."

त्या सगळ्या नोंदी बाईंनी केल्या होत्या. शेताच्या बांधावर गेलेला, बस स्टँडच्या बाकावर गेलेली, दुकानाच्या ओट्यावर गेलेले म्हातारे. सगळ्यांपुढे रस्ता. रस्ता लिहायला दोन सेकंद लागत.

"रस्ता नको," त्या म्हणाल्या. "टँकरची पायरी लिहा."

"टँकरची पायरी." काका लिहू लागले. ट आणि क सापडला, अनुस्वार सापडेना. मागून एक माणूस म्हणाला, "अहो बाई, आज होईल ना आमचं? पूर्वी इथे धडाधड व्हायचं." त्यानं त्यांना ओळखलं नव्हतं. बाहेरच्या बाजूला त्यांना कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

"नवीन आहेत," बाई म्हणाल्या. "थोडा वेळ लागेल."

त्यांनी काचेच्या खालच्या लाकडी पट्टीला धरलं. आत काका एकेक अक्षर घालत होते. टँकरची, मग जागा सोडून, पायरी. बाईंना ती पायरी दिसली. लोखंडी, जाळीची, एका कोपऱ्यात वाकलेली. सकाळी फाटकातून निघताना ते तिच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचे.

"मृताशी नातं?" काकांनी विचारलं.

बाई भोकाशी वाकल्या. "बायको."

"यात पत्नी आहे."

"मग पत्नी."

पाऊण तासानं प्रिंटर वाजला. काकांनी शिक्का मारला, कागद भोकातून बाहेर सरकवला आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, इथे सही." आजवर ते बाई म्हणायचे. त्यांनी सही केली, कागद पर्समध्ये ठेवला आणि मागच्या माणसाला जागा दिली.

त्या महिन्यात गाव हिरव्याच्या यादीत आलं नाही. साहेब आठवडाभर घुश्शात होते. मग प्रांताच्या कचेरीतून मॅडमचं पत्र सगळ्या पालिकांना गेलं, की दुसरा प्रशिक्षित कर्मचारी खरोखर खिडकीवर बसू शकतो का ते तपासून कळवा. चौतीसपैकी एकोणीस गावांनी कळवलं, की नाही. पुढच्या प्रशिक्षणाला शाईकाका स्वतःहून गेले. पंचविशीतली पोरं होतीच. त्यातल्या दोघांनी त्यांना अनुस्वार कुठे असतो ते दाखवलं.

बाईंनी महिन्याची रजा टाकली. साहेबांनी लगेच सही केली. खिडकीवर आता एका दाखल्याला अर्धा तास लागत होता. लोक कुरकुरत होते, पण दाखला त्याच दिवशी मिळत होता.

नणंद तिच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, रडून घ्या एकदा. असं साठवू नये."

"येईल तेव्हा येईल," बाई म्हणाल्या.

रजेच्या सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास काकांचा फोन आला. "बाई, त्रास देतोय. जुळी आहेत. अर्ज एक की दोन?"

"दोन. जन्माची वेळ दोघांची वेगवेगळी टाका."

"दवाखान्यानं एकच टाकलीये. आधी कोण, मग?"

"आईला विचारा."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. दुरून काकांचा प्रश्न ऐकू आला, मग काचेपलीकडून एका बाईचं काहीतरी लांबलचक, मध्ये हसणं, मागे एका बाळाचं रडणं आणि त्यात मिसळलेलं दुसरं. बाई कानाला फोन लावून ऐकत राहिल्या.

"मुलगी आधी," काका परत येऊन म्हणाले. "सात मिनिटांनी मोठी. आई म्हणते आताच दादागिरी करते."

"मग मुलीचा अर्ज आधी घ्या."

"बरं. ठेवतो."

फोन बंद झाल्यावर बाई तशाच बसून राहिल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी डब्यात काय उरलंय ते पाहिलं. सकाळची एक पोळी होती. ती त्यांनी ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ली.