सांभाळून घेतलेला हात

मित्रांनो, मी कित्येक अंतराळयानं चालवली आहेत, पण ज्या टेबलाला मला स्क्रूने आवळून बसवलं होतं, ते टेबल सोडून या फडताळापलीकडे मी कुठेच गेले नाही. मी आहे जॉयस्टिक. जुनी, अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालेली. माझ्या पोटात चार स्प्रिंगा आहेत. त्यांतली उजवीकडची सैल पडली आहे. ती कशी सैल पडली, ते सांगायला आज बसले आहे.

कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी मला चारी दिशांना वाकवून पाहिलं होतं. हात सोडला की मी बरोबर मध्यावर परत येई, तसूभरही इकडेतिकडे नाही. "ही खोटं बोलायची नाही," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात घातलं. तेव्हा मला त्या कौतुकाचा अर्थ कळला नाही.

खोकं उघडलं ते दोन खोल्यांच्या एका कार्यालयात. तिथे दोघं भागीदार अंतराळयानाचा खेळ बनवत होते. एकाला मी भाचा म्हणेन, कारण जिची ही हकिकत आहे तिचा तो भाचा. त्याच्या भागीदार बाईंना तो 'काटेकोर' म्हणून चिडवत असे. दोघांचं रोज वाजायचं, आणि तेही एकाच गोष्टीवरून. अंतराळात यानाला एकदा गती दिली की ते जातच राहतं. थांबवायचं तर उलट्या दिशेने तेवढाच जोर लावावा लागतो. काटेकोरला खेळात हे अगदी तसंच हवं होतं.

"अगं, माणसं दिवसभर राबून घरी येतात," भाचा म्हणे. "त्यांना घटकाभर मजा हवी. तू त्यांना परीक्षेला बसवतेस."

"मग यान कशाला म्हणतोस? पाळणा म्हण," ती उत्तर देई.

शेवटी भाच्याने एक सोय केली. तिचं नाव 'सांभाळ'. ती चालू असली की चालवणाऱ्याच्या हाताची थरथर संगणक पुसून टाकी आणि उतरायचा तळ जवळ आला की यानाचा वेग गुपचूप कमी करी. काटेकोरने एका अटीवर होकार दिला: सांभाळ चालू असताना पडद्यावर हिरवा दिवा दिसलाच पाहिजे.

खेळ तपासायला भाच्याने आपल्या आत्याला बोलावलं. आत्या बंदरावर क्रेन चालवायची. एकवीस वर्षं तिने आभाळाला टेकलेल्या केबिनमधून कंटेनर उचलून जहाजांवर ठेवले होते. मग तिचा उजवा हात थरथरू लागला आणि साहेबांनी तिला खाली फाटकाजवळच्या खिडकीत बसवलं. गाड्यांचे नंबर लिहायला. ती त्याबद्दल फार बोलत नसे. एकदाच म्हणाली, "वर असताना माणसं मुंगीएवढी दिसायची, पण प्रत्येकाची काळजी असायची. आता सगळी तोंडासमोर येतात आणि एकाचाही चेहरा लक्षात राहत नाही."

पहिल्याच दिवशी तिने काटेकोरची बाजू घेतली. "बरोबर आहे हिचं. दोरावरचा बोजा आपला हात थांबला म्हणून थांबतो होय? तो झुलतच राहतो." असं म्हणून तिने मला हातात धरलं. तिचा तळवा खरखरीत होता, पकड मायेची होती. पण माझ्या उजव्या स्प्रिंगेवर बारीक बारीक धक्के बसत होते, पानावर पाऊस पडावा तसे. यान तळावर आदळलं. दुसऱ्यांदाही आदळलं. तिने हात काढून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला.

भाच्याने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी आत्या येण्याआधी त्याने तिच्या खेळात सांभाळ चालू केला, आणि हिरवा दिवा काढून टाकला.

मित्रांनो, त्याच्या मनात पाप नव्हतं. आत्याने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिला एकदा हसताना पाहावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि ती हसली! यान तळाला असं अलगद लागलं, जणू झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवलं. "जमलं की रे!" ती म्हणाली. मग ती रोज येऊ लागली. चाळीस वेळा यान लागलं, एकदाही चुकलं नाही.

मी मात्र घाबरले होते. धक्के वाढत होते. मी प्रत्येक धक्का इमानाने तारेतून पुढे पाठवत होते आणि संगणक तो पुसत होता. मी खरं सांगत होते, पडद्यावर खोटं उमटत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

हात बरा झाला असं वाटून एका सोमवारी आत्या भाच्याला न सांगता बंदराच्या डॉक्टरांकडे गेली, क्रेन परत मागायला. त्यांनी हात पुढे धरायला लावला तेव्हा सगळं बळ एकवटून तिने तो दोन मिनिटं स्थिर ठेवला. मंगळवारी सकाळी क्रेनवर चाचणी ठरली. ही गोष्ट तिने फक्त काटेकोरला फोनवर सांगितली, तीही निघता निघता. "भाच्याला आत्ताच नको सांगूस. पास होऊन येते, मग त्याचं तोंड बघू."

काटेकोर कौतुकाने आत्याचा खेळ उघडून बसली आणि थबकली. "इथे सांभाळ चालू आहे. दिवा कुठे गेला?"

भाचा खाली बघत म्हणाला, "मीच काढला. राहू दे ना, खूश आहे ती."

"अरे, ती आत्ता क्रेनवर चढते आहे!"

भाच्याने फोन लावला. वाजत राहिला. केबिनमध्ये फोन नेऊ देत नाहीत, हे आत्यानेच त्याला कधीतरी सांगितलं होतं. तो तसाच जिना उतरत धावला. खुर्ची फिरत राहिली. काटेकोर माझ्याकडे बघत उभी होती, जणू मलाच काही माहीत आहे. मला माहीत होतं.

बंदरावर काय झालं ते मी नंतर ऐकलं. कंटेनर रिकामा होता, पण रिकामा कंटेनरही लोखंडाचाच असतो. जमिनीवर इशारे देणारा कामगार आत्याचा जुना सोबती होता. तिच्यावर विश्वास ठेवून तो नेहमीपेक्षा दोन पावलं जवळ उभा राहिला. बोजा उतरताना झुलला, आत्याने तो सावरायला हात वळवला, हात थरथरला, आणि झोका वाढला. कामगार वाचला. त्याचा गुडघा मात्र वाचला नाही.

चार दिवसांनी आत्या कार्यालयात आली. रडली नाही. पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसली. "ते काय आहे ते बंद कर," ती म्हणाली. भाच्याने सांभाळ बंद केला. तिने मला धरलं. यान आदळलं. पुन्हा आदळलं. संध्याकाळपर्यंत ती तेच करत राहिली, दर वेळी मला अधिक घट्ट दाबत. माझी स्प्रिंग त्याच दिवशी गेली.

"आत्या, बस कर गं," भाचा म्हणाला.

"पहिल्या दिवशी हेच दिसत राहिलं असतं, तर मी वर चढलेच नसते रे," ती म्हणाली. एवढंच. मग ती उठून त्या कामगाराच्या घरी गेली. आता ती रोज जाते.

आता मी फडताळात असते. खेळ बाजारात गेला आहे, आणि लोकांना सांभाळ फार आवडतो. हिरवा दिवा डोळ्यांना खुपतो, तो काढा, अशी शेकडो पत्रं येतात. काल बंदराचंही एक आलं. नव्या क्रेनचालकांच्या सरावासाठी त्यांना हाच खेळ हवा आहे, दिव्याशिवाय. काटेकोरने ते मोठ्याने वाचलं. भाच्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

मित्रांनो, खेळ खुशाल सोपा करा. मजा हे काही पाप नाही. पण ज्याचा हात तुम्ही सांभाळून घेता आहात, त्याला तसं सांगा. आणि तुम्ही जिंकत असाल, सारखे जिंकत असाल, तर क्षणभर थांबून आम्हाला धरणाऱ्या तुमच्या हाताकडे बघा. पडदा तुमची समजूत काढेल. आम्ही जॉयस्टिका काढणार नाही, पण आमचं तुम्हाला ऐकू येत नाही.